अडखळत वाचणाऱ्या मुलाचा वर्षाचा खर्च

दुसरीतला मुलगा मराठीचा धडा घडाघडा म्हणून दाखवतो. आई खूश होते. मग सहज म्हणून ती हातानं चित्र झाकते, मधल्याच एका ओळीवर बोट ठेवते आणि म्हणते, "एवढंच वाच." मुलगा बोटाकडे बघतो, आईकडे बघतो आणि धड्याची पहिली ओळ पुन्हा म्हणायला लागतो. धडा त्याला पाठ आहे. वाचता त्यातली एक ओळही येत नाही.

आमच्या घरी हे असंच कळलं. माझा मुलगा आता आठवीत आहे. त्या वर्षापासून मी त्याच्या वाचनावर झालेला खर्च एका वहीत लिहीत आले. पुढे दवाखान्याच्या बाकांवर आणि शिकवणीच्या जिन्यात भेटलेल्या आयांशी आकडे ताडून पाहिले. आपल्या मुलाला डिस्लेक्सिया असावा, शाळेच्या भाषेत 'एलडी' असावी, अशी शंका आलेल्या आईबापांचा पहिला प्रश्न खर्चाचाच असतो आणि तो विचारताना त्यांना उगाच अपराधी वाटतं. तसं वाटून घेऊ नका. पैसा मोजकाच असेल तर तो कुठे घालायचा हे आधी कळायला हवं.

वही उलटून पाहताना एक गोष्ट ठळक दिसते. पहिल्या वर्षी आमचे बहुतेक पैसे चाचण्यांत आणि वस्तूंत गेले, आणि मुलगा वाचायला लागला तो शिकवण्याच्या तासांमुळे. म्हणून आधी तासांचे पैसे बाजूला काढा. बाकीचं उरलेल्यात बसवा.

खाली दिलेले खासगी दर मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यातले आणि ढोबळ आहेत. तुमच्या गावी दोन-तीन ठिकाणी फोन करून तिथला आकडा त्या जागी लिहा.

आधी डोळे, कान

कुठल्याही मानसशास्त्रज्ञाकडे जाण्याआधी मुलाचे डोळे आणि कान तपासून घ्या. फळा नीट न दिसणारं किंवा एका कानानं कमी ऐकू येणारं मूलही वाचनात मागे पडतं. त्याला एलडीची चाचणी लावणं म्हणजे पैसे पाण्यात. महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. मुंबईकरांना कानासाठी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्थाही आहे.

सरकारी आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलांना तपासायला येतं. ज्या तीस गोष्टींसाठी ते मुलांना तपासतं त्यांत अध्ययनातली अडचणही आहे. पथक येईल त्या दिवशी मुलाला शाळेत पाठवाच. वर्गशिक्षिकेला आधी सांगून ठेवा, म्हणजे ती त्याचं नाव पुढे करेल. तिथून जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मिळते आणि त्याचे पैसे पडत नाहीत.

मराठीत ते कसं दिसतं

इंटरनेटवर सापडणाऱ्या याद्या बहुतेक इंग्रजी वाचनाच्या आहेत. मराठी वाचणाऱ्या मुलाच्या खुणा थोड्या वेगळ्या असतात, आणि त्या लिहून नेल्या तर तपासणाऱ्याचा वेळ वाचतो. भ-म, घ-ध, थ-य, ब-व यांची गल्लत पहिलीत सगळ्यांचीच होते. तिसरीतही ती रोज होत असेल तर नोंद करा. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि तिचा उच्चार मात्र अक्षरानंतर. 'किती' वाचताना मूल तिथे थबकतं का? रफार डोक्यावर, पण म्हणायचा आधी: 'सूर्य', 'गर्दी'. 'प्रकाश'मधला र पायाखाली, तोच र 'राष्ट्र'मध्ये काकपदासारखा. जोडाक्षर आलं की मूल त्यातलं एक व्यंजन गाळतं का, की शब्दच बदलून जवळचा शब्द म्हणतं? 'मासा' या शब्दातला पहिला आवाज काढून टाकला तर काय उरतं, हे तोंडी विचारून बघा. डिस्लेक्सियाचं मूळ बहुतेक वेळा डोळ्यांपेक्षा या आवाजांच्या खेळात असतं.

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवरून मात्र घाबरू नका. मराठी बोलताना शब्दाच्या शेवटचा इकार आपण मोठी माणसंही ऱ्हस्व म्हणत नाही. मुलाच्या कानाला जो फरक ऐकू येत नाही तो त्याच्या वहीत कुठून यायचा?

चाचणी: काय मागायचं, किती द्यायचे

खासगी चाचणीचा दर साधारण 5,000 ते 15,000 रुपये. आम्ही 8,500 भरले. त्यात दोन भाग असतात: बुद्धिमापन आणि वाचन-लेखन-गणिताची चाचणी. बुद्धिमापन कशासाठी, असं पालकांना वाटतं. मूल हुशार आहे आणि तरीही वाचन मागे आहे, हे दाखवायला तो आकडा लागतो. वाचन-लेखनासाठी बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनं तयार केलेला चाचणीसंच सरकारी नियमांत नमूद आहे. तुमचे चाचणीकार कुठला संच वापरणार, हे पैसे भरण्याआधी विचारा.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा: चाचणी कुठल्या भाषेत? घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी असलेल्या मुलाची परीक्षा फक्त इंग्रजीत घेतली तर त्याला इंग्रजी कमी येतं की वाचन जमत नाही, हे कळणार कसं? मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी चाचणी देऊन 'सिव्हिअर' लिहिलेला अहवाल मी स्वतः पाहिला आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं तयार केलेली 'डाली' ही चाचणी 2015 मध्ये आली. ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे, आणि पहिली-दुसरी व तिसरी ते पाचवी यांच्यासाठी शिक्षकांनी वापरायचे चाळणीचे वेगळे संच तिच्यात आहेत. तुमच्या केंद्राला ती माहीत आहे का, एवढं विचारलं तरी समोरच्या माणसाची तयारी कळते.

तिसरा प्रश्न नोंदणीचा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असोत की स्पेशल एज्युकेटर, त्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. ही परिषद 1992 च्या कायद्यानं स्थापन झाली आणि ती देत असलेला सीआरआर क्रमांक तिच्या संकेतस्थळावर ताडून पाहता येतो. भिंतीवर दहा प्रमाणपत्रं लावलेली असतात. तुम्ही हा एक क्रमांक मागा. ज्याच्याकडे तो असतो, तो लगेच देतो.

पैसे भरताना लेखी अहवाल किती दिवसांत मिळेल, तो समजावून सांगायची एक भेट फीमध्ये धरली आहे का, आणि 'आता काय शिकवायचं' हे त्यात लिहिलेलं असेल का, हे ठरवून घ्या. आमच्या पहिल्या अहवालाची पानं अकरा होती आणि शिकवण्याबद्दल त्यात एकच ओळ होती: 'रेमेडियल सुचवले आहे.' एवढ्यासाठी 8,500 रुपये जास्तच झाले. अहवाल दाखवून दुसऱ्या ठिकाणी शिकवणी सुरू करता येते. नवीन केंद्र सगळ्या चाचण्या पुन्हा करायला लावत असेल तर का, ते विचारा.

सर्टिफिकेट: फुकट, पण फेऱ्या

विशिष्ट अध्ययन अक्षमता ही 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांपैकी एक आहे. तिचं प्रमाणपत्र सरकारी मंडळाकडूनच मिळतं आणि त्याला फी नाही. 'स्वावलंबन' पोर्टलवर अर्ज भरायचा, तारीख घ्यायची, आणि मंजुरी मिळाली की यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, येतं. तेही मोफत. अर्ज भरून द्यायचे सायबरवाले पन्नास-शंभर घेतात, ते ठीक. 'आतून करून देतो' म्हणणाऱ्याला मात्र एक रुपया देऊ नका. त्या कागदावर पुढे दहावीच्या सवलती उभ्या राहायच्या असतात; तो खोटा निघाला तर शिक्षा मुलाला होते.

मुंबईत शीव, केईएम आणि नायर या रुग्णालयांतली एलडी केंद्रं पालकांना माहीत असतात. महाराष्ट्रात बोर्डाच्या परीक्षेत या मुलांना 1996 पासून सवलती आहेत, त्यामुळे इथल्या डॉक्टरांचा अनुभवही जुना आहे. गर्दीही तशीच आहे. तारीख काही महिन्यांनंतरची मिळू शकते आणि एका बैठकीत काम होत नाही. खरा खर्च इथे होतो. रोजंदारीवरच्या आईची 600 रुपयांची मजुरी बुडाली, दोघांचं भाडं आणि खाणं 300 झालं, अशा चार फेऱ्या धरल्या तर फुकटच्या कागदाचे 3,600 रुपये होतात. फेरी वाचवायची असेल तर शाळेचा अभिप्राय, मागच्या दोन वर्षांचे निकाल, मुलाच्या हस्ताक्षरातल्या वह्या, डोळ्यांचा आणि कानाचा कागद, दोघांचं आधार, फोटो हे सगळं पहिल्याच वेळी घेऊन जा. वह्या विसरल्यामुळे आमची एक फेरी वाया गेली.

प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षानंतर मिळतं आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते. यातून एक पेच तयार होतो, तो आधीच समजून घ्या. शिक्षण हक्क कायद्याखालच्या 25 टक्के जागांत दिव्यांग मुलांना प्रवेश आहे, पण तो शाळेच्या सुरुवातीच्या वर्गात. आपल्या मुलाच्या हातात कागद येतो तिसरीत. तेव्हा त्या वाटेवर आशा लावून वेळ घालवू नका.

आणि कागदासाठी शिकवणं थांबवू नका. दिव्यांग हक्क कायद्याचं सोळावं कलम सांगतं की सरकारी मदत किंवा मान्यता असलेल्या शाळांनी मुलांमधली अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखावी आणि त्यावर शिकवण्याचे उपाय करावेत. त्यात अक्षमतेच्या टक्केवारीची अट नाही. सतराव्या कलमात जास्तीचा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. चाळीस टक्क्यांची अट पुस्तकं आणि साधनं मोफत मिळण्यासाठी आहे. मुख्याध्यापकांशी बोलायला जाताना हा फरक डोक्यात ठेवा.

शिकवणी: पैसा इथे घाला

गणित साधं आहे. आठवड्याला दोन तास, वर्षाला चाळीस आठवडे, म्हणजे ऐंशी तास. गटात तासाला 300 रुपये पडले तर वर्षाचे 24,000. एकट्यानं शिकायचे 700 पडले तर 56,000. मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या केंद्रात 1,200 असतील तर 96,000. आणि हे एका वर्षात संपत नाही. दोन-तीन वर्षं धरूनच चाला. म्हणून पहिल्याच वर्षी आवाक्याबाहेरचा दर धरू नका. महागड्या केंद्रात सहा महिने जाऊन बंद करण्यापेक्षा स्वस्त गटात तीन वर्षं नेमानं गेलेलं मूल पुढे जातं. माझं हे मत अनुभवातून आलेलं आहे आणि पक्कं आहे.

चांगली शिकवणी ओळखायची कशी? अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी 1930 च्या दशकात जी पद्धत बसवली तिचं सूत्र आजही बहुतेक चांगल्या शिक्षकांच्या हातात दिसतं: आवाजापासून अक्षराकडे, सोप्याकडून अवघडाकडे, एक पायरी पक्की झाल्याशिवाय दुसरी नाही, आणि डोळे, कान, हात तिन्ही एकाच वेळी कामाला. मराठीत याचा अर्थ असा की संपूर्ण बाराखडी एका दमात घोकायची नाही. चार-पाच व्यंजनं आणि काना घ्यायचा, त्यांचेच शब्द आणि वाक्यं वाचायची, मग वेलांटी. जोडाक्षरं अगदी शेवटी, तीही एकेक गट करून. शिक्षिका मुलाचा शाळेचा गृहपाठ पूर्ण करून घेत असेल तर ती साधी ट्यूशन झाली. तिला रेमेडियलचा दर देऊ नका.

एका केंद्रानं आमच्याकडून वर्षाची पूर्ण फी आगाऊ घेतली. तिसऱ्या महिन्यात शिक्षिका सोडून गेली, नवी आली ती नुकतीच शिकून बाहेर पडलेली, आणि पैसे परत मागितले तेव्हा पावतीच्या मागची बारीक अक्षरं दाखवली गेली. तेव्हापासून मी भेटेल त्या पालकांना सांगते: महिन्याचे पैसे महिन्याला. पावती घ्या. शिकवणारी व्यक्ती बदलली तर काय, हे लेखी विचारा. दर तीन महिन्यांनी मुलाचं एक मिनिटाचं वाचन मोबाइलवर रेकॉर्ड करा, तारीख टाकून. सहा महिन्यांनी दोन्ही रेकॉर्डिंग ऐकली की केंद्राच्या प्रगतिपुस्तकाची गरज उरत नाही.

तासाची फी अजिबात परवडत नसेल तर समग्र शिक्षा योजनेतल्या विशेष शिक्षकांची चौकशी करा. गावात गट साधन केंद्र, शहरात शहर साधन केंद्र. या योजनेत विशेष गरजा असलेल्या एका मुलामागे वर्षाला 3,500 रुपयांची तरतूद आहे आणि मुलींना दहा महिने दरमहा 200 रुपये प्रोत्साहन भत्ता आहे. एका विशेष शिक्षकाकडे बऱ्याच शाळा असतात, त्यामुळे त्यांची फेरी रोज होत नाही. पण त्यांनी महिन्याला एकदा येऊन वर्गशिक्षिकेला आणि तुम्हाला पुढची पायरी दाखवली, तर रोजचा सराव घरी होऊ शकतो.

काही इंग्रजी शाळा 'रिसोर्स रूम'ची वेगळी फी लावतात, कधी सोबत 'शॅडो टीचर'ही सुचवतात. फक्त वाचन-लेखनाची अडचण असलेल्या मुलाला वर्गात शेजारी पूर्णवेळ माणूस सहसा लागत नाही. तो खर्च दरमहा हजारांत जातो. का हवा, किती काळ हवा आणि कोणी तपासून सांगितलं, हे लेखी मागा.

जे विकत घेऊ नका

रंगीत काचेचे चष्मे आणि पानावर ठेवायचे रंगीत कागद. अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनांनी 2009 मध्ये एकत्र निवेदन काढून सांगितलं की अशा काचांनी किंवा डोळ्यांच्या व्यायामांनी डिस्लेक्सिया सुधारतो याला आधार नाही. बोटांच्या ठशांवरून बुद्धीचा प्रकार सांगणारी डीएमआयटी. डोळे बांधून वाचायला शिकवणारं 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'. स्मरणशक्तीची चूर्णं. या सगळ्यांच्या जाहिरातीत एक वाक्य असतंच: इतक्या दिवसांत फरक. डिस्लेक्सिया हा आजार नाही, तो दिवसांत उतरत नाही. फसवले गेला असाल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. पावती मात्र हवी.

घरातला खर्च

ताटात पसरलेला रवा, त्यावर बोटानं अक्षर काढायचं आणि काढताना त्याचा आवाज मोठ्यानं म्हणायचा. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर लिहिलेली अक्षरं. वेलांटी, काना, मात्रा लाल शाईत. ओळ धरायला पुठ्ठ्याची पट्टी. एवढं सामान दोनशे रुपयांत होतं. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत आणि त्या वाचायला पैसे लागत नाहीत. पहिल्या पातळीच्या पुस्तकांत एका पानावर एखादंच वाक्य असतं. तिसरीतल्या मुलाला ती 'बाळबोध' वाटू शकतात, तेव्हा धाकट्या भावंडाला किंवा आजोबांना वाचून दाखवायची म्हणून द्या.

वाचून दाखवणारं पेन हजारो रुपयांना मिळतं. अँड्रॉइड फोन मराठी मजकूर फुकटात वाचून दाखवतो. परिसर अभ्यासाचा धडा मुलानं ऐकून समजून घेतला तर ती लबाडी नाही. वाचन मागे आहे म्हणून त्याचं ज्ञान मागे का पडावं? आम्ही रोज रात्री त्याच्या बाबांच्या आवाजात धडा रेकॉर्ड करायचो. तो डोळे मिटून ऐकायचा आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तोंडी उत्तरं द्यायचा.

रोज वीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. जेवणाआधी, दमलेला नसताना. भांडण सुरू झालं की त्या दिवसापुरतं थांबायचं.

एकत्र हिशेब

सगळं सरकारी वाटेनं केलं तर पहिल्या वर्षी फेऱ्या आणि सामान मिळून चार-पाच हजारांत भागतं. लागते ती तुमची रजा आणि चिकाटी. मधली वाट म्हणजे डोळे-कान आणि प्रमाणपत्र सरकारी, चाचणी खासगी, शिकवणी गटात: 8,500 अधिक 24,000, फेऱ्यांचे 3,600 आणि सामानाचे दोनशे, म्हणजे 36,300 रुपये. दुसऱ्या वर्षी त्यातली चाचणी आणि फेऱ्या गळतात. सगळं खासगी केलं तर पहिलं वर्ष लाखाच्या पुढे सहज जातं.

कुठलीही वाट घेतलीत तरी या आठवड्यात एक काम करा, त्याला कागदाचे दोन रुपये लागतात. मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहा: माझ्या मुलाला वाचनात अमुक अडचणी दिसतात, तुमच्या शिक्षकांचं निरीक्षण लेखी द्यावं, दिव्यांग हक्क कायद्याच्या सोळाव्या कलमाप्रमाणे वर्गात कोणते उपाय करणार ते कळवावं, आणि तोवर त्याला वर्गासमोर मोठ्यानं वाचायला उभं करू नये. दोन प्रती काढा. एक कार्यालयात द्या, दुसरीवर तारीख, सही आणि शिक्का घेऊन पोच घ्या. ती फायलीत सगळ्यात वर ठेवा. पुढे रुग्णालयात, साधन केंद्रात आणि दहावीच्या वर्षी बोर्डात पहिला कागद म्हणून तीच काढावी लागते.